उद्याचा विडा

येरळेच्या काठी हरणवाडी म्हणून एक गाव आहे. नदीकडच्या उतारावर सगळे पानमळे. शेवरी आणि पांगाऱ्याच्या उंच झाडांवर नागवेली चढलेल्या, आत सदा गारवा, भर दुपारीही सकाळचाच उजेड. या गावची एक रीत आहे. पानमळ्यात वहाण घालून कोणी जात नाही. पाटील असो की मामलेदार, कवाडीशी वहाणा काढायच्या आणि अनवाणी आत शिरायचे. वेल ही लक्ष्मी आहे, असे तिथली जुनी माणसे मानतात.

त्या वर्षी होळी झाल्यावर चार दिवसांनी आपले महाराज हरणवाडीस आले आणि मारुतीच्या देवळात उतरले. महाराजांचे मूळ नाव कोणालाच ठाऊक नव्हते. तोंडात एकही दात नाही, आणि त्या बोळक्या तोंडाने दिवसभर हसायचे, म्हणून सारा मुलूख त्यांना प्रेमाने बोळके महाराज म्हणे. महाराज अंगारा देत नसत, मंत्र सांगत नसत. कोणी पाया पडले की विचारत, "जेवलास का रे?" आणि मग समोरचा बोलू लागला की ऐकत बसत. ते ऐकणे असे, की सांगणाऱ्याला वाटावे, जगात आपल्याशिवाय दुसरे कोणी बोलतच नाहीये. कित्येकांचे दुःख सांगता सांगताच हलके होई.

हरणवाडीत विसाजीपंत नावाचे वैद्य होते. हाताला गुण होता, पाच गावांत नाव होते, आणि त्या नावाचा ताठाही होता. तीस वर्षांत 'मला कळले नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. पायात जरीच्या वहाणा आणि हातात चांदीच्या मुठीची काठी घेऊन ते चालू लागले की लोक वाट देत. महाराजांभोवती गर्दी जमलेली पाहून पंत देवळापाशी थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्यांना स्वतःचे बत्तीस दात राखता आले नाहीत, ते आता लोकांची दुःखं उपटणार म्हणे!"

लोक ओशाळले. पण सगळ्यांत मोठ्याने हसले ते महाराजच. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"खरंय, पंत," महाराज म्हणाले, "पण एक फायदा झाला. दाढदुखीची काळजी मिटली!"

आता ज्या माउलीची ही कथा, तिच्याकडे वळू.

तिचे नाव भिवरा. लहानपणीच वैधव्य आले आणि ती माहेरी परतली. आई नव्हती. वडील तुळाजीआबा आणि आईची बहीण पारूमावशी, एवढेच घर. आबांनी लेकीला मळ्यात नेले आणि पानाची विद्या पहिल्यापासून शिकवली. अंगठ्याला लोखंडी नखी चढवून पान कसे खुडायचे, वेल झाडाला किती सैल बांधायची, पाणी कधी द्यायचे आणि कधी द्यायचे नाही. वीस वर्षे बापलेकींनी तो मळा मिळून केला. भिवराच्या हातचे पान जिभेवर ठेवले की विरघळते, असे तालुक्याच्या बाजारात बोलत.

तुळाजीआबांना दुपारच्या जेवणानंतर एक विडा लागे. म्हातारपणी दात गेले, तेव्हापासून भिवरा तो विडा पितळेच्या छोट्या खलबत्त्यात कुटून देई. चुना, कात, बारीक सुपारी, एक लवंग आणि आबांच्या आवडीचा चिमूटभर ओवा. तो टुणटुण आवाज आळीत ऐकू आला की बायका म्हणत, "तुळाजीआबांचं जेवण झालं, चला, आपणही ताटं वाढू." विडा तोंडात धरून आबा मळ्यातल्या पांगाऱ्याखाली बसत. समोर पाण्याचा पाट, पाटापलीकडे एक काळा खडक. आबा बसल्या जागेवरून त्या खडकावर पिंक टाकीत. अंतर चांगले पंधरा हात! गावातल्या तरण्याताठ्यांनी पैजा लावून पाहिल्या, सगळ्यांच्या पिंका पाटातच पडल्या. आबा म्हणत, "तुमच्या दातांत अडते रे ती. माझा रस्ता मोकळा आहे!" खडकाचा तो भाग कायम लालबुंद असे.

गेल्या श्रावणात आबा गेले. चार दिवस अंगात बारीक ताप होता, पाचव्या दिवशी संध्याकाळी प्राण गेला.

भिवरा रडली नाही. तेरा दिवस आलेल्यागेलेल्यांचे तिनेच सगळे पाहिले. लोक म्हणाले, "काय खंबीर आहे बाई!" पाहुणे गेले, आणि ती उंबऱ्यात बसली. बसली ती बसलीच.

पहिला महिना लोकांना वाटले, दमली आहे. पुढे पुढे सारे विचित्र होत गेले. सकाळी उठे, पण उठल्यासारखी दिसत नसे. ताटातले भात-कालवण बोटाने चिवडी आणि ताट सरकवी. धुतलेले लुगडे दोरीवर तसेच दोन दिवस राही. कोणी विनोद केला तर ऐकू येई, पण हसण्याची जागा सापडत नसे. झोप लागे, विसावा मिळत नसे. आणि ज्या मळ्यात तिने वीस वर्षे काढली, त्याच्या कवाडीपर्यंत जाऊन ती परत फिरे. गड्यांना सांगे, "तुम्हीच बघा." गडी वरची पिवळी पाने खुडत, पाणी सोडत. मळा हळूहळू उदास होत चालला.

पारूमावशी विचारी, "काय होतंय गं तुला?"

"काही होत नाही, मावशी," भिवरा म्हणे. "मला काहीच होत नाही."

आणि तेच तर खरे दुखणे होते!

विसाजीपंतांना बोलावले. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, तीन तऱ्हेचे काढे दिले. भिवराने ते एक थेंब न सांडता घेतले. दोन महिने झाले तरी गुण येईना, तेव्हा पंत चिडले. आपल्या औषधाला दाद न देणारा रोगी त्यांना शत्रूसारखा वाटे. भर अंगणात, शेजारणींसमोर ते म्हणाले, "भिवरे, तुझी नाडी घोड्यासारखी चालते. हा रोग नव्हे, सोंग आहे. आळसाला माझ्याकडे मात्रा नाही!"

भिवराने मान खाली घातली. तिलाही तसेच वाटत होते. आपण आळशी आहोत, वाईट आहोत, आणि हे असेच असायला हवे.

इकडे पानमळ्याची वेळ भरत आली होती. हे समजण्यासाठी मळ्यातली एक गोष्ट सांगायला हवी. पानवेल वर्षभर झाडावर चढत राहते. शेंड्याला गेली की तिचे खालचे अंग उघडे, कोरडे पडते आणि पाने लहान होऊ लागतात. म्हणून वर्षातून एकदा वेली झाडावरून सोडवून खाली उतरवतात. त्याला उतरण म्हणतात. हरणवाडीत ती होळीनंतर आणि पाडव्याच्या आत करायची. हे काम नुसत्या ताकदीचे नाही. कोणती वेल किती सोडवायची, कुठे गाडायची, ते जाणत्या हाताला कळते. तुळाजीआबांच्या मळ्यात आता जाणते हात दोनच उरले होते, आणि ते उंबऱ्यात मांडीवर पडून होते. पाडवा आठ दिवसांवर आला होता. या वर्षी उतरण चुकली तर वीस वर्षांचा मळा वाळून जाणार, हे गड्यांना दिसत होते, मावशीला दिसत होते, आणि भिवरालाही दिसत होते. दिसत असूनही पाय उचलत नव्हता.

शेवटी पारूमावशीने एके सकाळी तिला हाताला धरून उठवले आणि थेट मारुतीच्या देवळात आणले.

"महाराज," मावशी म्हणाली, "ही माझ्या बहिणीची पोर. हिला हसवा नाहीतर रडवा, पण काहीतरी करा. मी हिच्याशी बोलून बोलून इतकी दमले, की आता मी मांजराशी बोलते. ते निदान म्याव तरी करतं!"

महाराज खळखळून हसले. मग त्यांनी भिवराकडे पाहिले. कितीतरी वेळ पाहिले. सगळ्यांना वाटले, आता दुखणे विचारतील, उपास सांगतील. महाराजांनी तसले काही केले नाही. ते म्हणाले, "माय, तू पानमळ्यावाली ना? मला एक विडा दे. दात नाहीत बघ, कुटून द्यावा लागेल."

भिवराचा चेहरा पांढरा पडला. सात महिन्यांत तिच्या चेहऱ्यावर काही उमटलेले मावशीने पहिल्यांदाच पाहिले.

विसाजीपंत तिथे उभेच होते. ते म्हणाले, "वा! हरणवाडीत येऊन पानवालीकडे पान मागितलं, तर तिच्याकडे तेही नाही. गुरूही भला आणि चेलीही भली!"

"नको, महाराज," भिवरा कशीबशी म्हणाली. "दुसरं काहीही मागा."

"बरं बाई," महाराज मवाळपणे म्हणाले, "मग उद्या दे. उद्या सकाळी मी मळ्यावर येतो."

'बरं बाई, उद्या दे.' हे शब्द कानी पडताच भिवरा ताडकन उठली आणि मागे न पाहता घरी निघून गेली. मावशी घाबरली. महाराज तिला म्हणाले, "घाबरू नका. उद्या येताना तेवढा खलबत्ता घेऊन या." घरात खलबत्ता आहे, हे महाराजांना कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराज मळ्याच्या कवाडीशी जाऊन बसले. भिवरा येईल की नाही याची मावशीला खात्री नव्हती, पण ती आली. रात्रभर जागी असावी, डोळे तसे दिसत होते. मळ्याचे चार गडी आले, आळीतली दहा-बारा माणसे आली, आणि बुवांची फजिती पाहावी म्हणून विसाजीपंतही आले.

"आत चला, पंत," एक गडी म्हणाला. "तेवढ्या वहाणा काढा, म्हणजे झालं."

"मी इथूनच बघतो," पंत म्हणाले. "चिखलात पाय घालायला मी काही पानवाला नाही."

भिवरा कवाडीशी थबकली. वहाण काढली, पण पाऊल आत पडेना. महाराजांनी 'चल' म्हटले नाही. आपल्या शेजारी जमिनीवर हात थोपटला. ती बसली.

महाराज मळ्याकडे पाहत म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही गं. त्या वेली इतक्या उंच गेल्यात, मग पानं बारीक का?"

"उतरण झाली नाही," भिवरा म्हणाली.

"म्हणजे काय करतात?"

तिने एका शब्दात उत्तर दिले. महाराजांना समजले नाही. त्यांनी पुन्हा विचारले. तेही समजले नाही. खुळ्यासारखे प्रश्न विचारायला लागले. वेल कापतात का? मग खाली आणून झाडाला काय ठेवतात? शेवटी न राहवून भिवरा हातवारे करून सांगू लागली, "तसं नाही हो, महाराज. कापायची नाही. बांधलेले बंध सोडायचे, वेल दोन्ही हातांवर घ्यायची, लहान मुलाला पाळण्यातून काढतो तशी. खालचा उघडा भाग गोल गुंडाळून मातीत गाडायचा आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. मग गाडलेल्या प्रत्येक पेराला नवीन मुळं सुटतात. आमचे गडी वरची पिवळी पानं तोडतायत, पण त्यानं काय होणार? दुखणं पानात नाहीच."

बोलता बोलता ती थांबली. सात महिन्यांत इतके बोललीच नव्हती. पारूमावशीने पदर तोंडाला लावला.

"हे तुला कोणी शिकवलं?"

"आबांनी."

"ते गेले त्या दिवशी काय झालं, माय?"

कोणीही हा प्रश्न आजवर विचारला नव्हता. सगळ्यांनी तिला विचारले होते की तुला काय होतेय. भिवरा मातीकडे पाहत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "त्यांनी विडा मागितला होता."



"पंतांनी पान बंद केलं होतं. पान पोटात गेलं तर घात होईल म्हणाले होते. आबांनी दुपारी मागितला. मी नाही म्हटलं. पुन्हा मागितला. तिसऱ्यांदा मागितला, तेव्हा मी... मी ओरडले त्यांच्यावर. म्हटलं, मरायचंय का तुम्हाला? ते हसले. म्हणाले, बरं बाई, उद्या दे. आणि संध्याकाळी गेले. एवढा मळा माझा, महाराज, आणि माझा बाप एका पानाला तरसत गेला."

आणि मग बांध फुटला. भिवरा अशी रडली, की मळ्यातली पाखरे उडाली. एक बाई "उगी, उगी" म्हणत पुढे झाली, महाराजांनी तिला हाताने थांबवले. "रडू दे. सात महिन्यांचं साचलंय." पारूमावशीनेही गळा काढला, तो भिवरापेक्षा मोठा. तेव्हा महाराज म्हणाले, "पारूबाई, थोडं थांबा, तुमची पाळी नंतर!" आणि त्या रडण्यातही चार माणसांना हसू आले.

विसाजीपंत मात्र हसले नाहीत. ते काठीच्या मुठीकडे पाहत उभे होते.

रडणे ओसरले. महाराजांनी विचारले, "तू विडा का दिला नाहीस?"

"ते बरे व्हावेत म्हणून."

"तिसऱ्यांदा ओरडलीस ती?"

"ते मरतील या भीतीनं."

"मग हे तू स्वतःला आजवर एकदा तरी सांगितलंस का?"

भिवराने स्वतःला फक्त 'मी दिला नाही' एवढेच सांगितले होते, रोज, उठल्यापासून झोपेपर्यंत. त्यामागचे 'का' तिने कधी उच्चारले नव्हते.

"आणि ते काय म्हणाले?" महाराज म्हणाले. "रागावले? शाप दिला? उद्या दे म्हणाले. तो उद्या सात महिने तुझ्या दारात उभा आहे, माय. तू त्याला आत घेत नाहीस, म्हणून घरात दुसरा कोणताच दिवस येत नाही. आज त्यांचा विडा दे."

भिवरा उठली. डोळे पुसले आणि कवाडीतून आत गेली. अनवाणी पायांना ओली गार माती लागली, तशी ती क्षणभर तिथेच उभी राहिली. मग अंगठ्याला नखी चढवून ती मळाभर फिरली. सगळी पाने पिवळी, बारीक. शेवटी पांगाऱ्यावर, अगदी शेंड्याजवळ, तळहाताएवढे एक हिरवेगार पान दिसले. शिडी लावून तिने ते खुडले. मावशीने खलबत्ता पुढे केला. चुना, कात, सुपारी, लवंग, ओवा.

टुणटुण, टुणटुण. तो आवाज आळीपर्यंत गेला. घराघरांतून बायका बाहेर आल्या. एक म्हातारी सवयीने ताट वाढायला उठली म्हणतात!

भिवराने तो विडा केळीच्या पानाच्या तुकड्यावर ठेवला आणि महाराजांपुढे धरला. महाराजांनी हात जोडले. "माझा नव्हे. ज्यांनी आधी मागितला, त्यांचा आधी."

मग तिने तो पांगाऱ्याखाली, आबांच्या बसायच्या जागी ठेवला. हात जोडून म्हणाली, "आबा, उशीर झाला. घ्या."

"आता कुणी तिकडं बघत बसू नका," महाराज म्हणाले. "म्हातारा माणूस जेवायला बसला की त्याच्या तोंडाकडे बघू नये. चला, ती उतरण का काय, मला दाखवा."

भिवराने पदर खोचला. पहिल्या वेलीचे बंध तिने स्वतः सोडवले. हात विसरले नव्हते. मग तिचा आवाज चढू लागला, "अरे, ओढू नकोस! दोन्ही हातांवर घे. शेंडा दाबशील, मेल्या!" शिव्या खाऊन गडी आनंदाने एकमेकांकडे पाहू लागले. आळीतले लोकही वहाणा काढून आत शिरले. महाराज स्वतः माती ओढत होते आणि दर खेपेला चुकीच्या ठिकाणी टाकत होते.

सूर्य डोक्यावर आला. तेवढ्यात सगळ्यांच्या पाठीमागे आवाज झाला. पचाक्!

सगळे वळले.

पाटापलीकडच्या काळ्या खडकावर, पावसाळ्याने धुऊन कोरा केलेल्या त्या जुन्या जागी, ओली, लालभडक पिंक चमकत होती. थेंब खाली ओघळत होता. पांगाऱ्याखाली केळीचे पान रिकामे!

पारूमावशी ओरडली, "भावजीच! दुसऱ्या कुणाची नाही पोचायची तिथपर्यंत!"

"थांबा!" कवाडीबाहेरून विसाजीपंत गरजले. त्यांचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. "कुणीतरी चावटपणा केलाय. ज्यानं विडा खाल्ला त्याची जीभ लाल असणार. एकेकानं इकडे या!"

काय सांगावे ते दृश्य! पंधरा-वीस माणसे कवाडीशी रांगेत उभी, आणि प्रत्येकजण पंतांपुढे जाऊन जीभ बाहेर काढतोय. गड्यांच्या जिभा पाहिल्या. कुणाची पांढरी, कुणाची तंबाखूने काळी. पारूमावशीने जीभ काढली ती जरा जास्तच लांब काढली. भिवराची पाहिली. शेवटी महाराज आले आणि त्यांनी तोंडाचा आ केला. बोळके तोंड, धुऊन पालथ्या घातलेल्या वाटीसारखे स्वच्छ!

"बघून झालं, पंत?" महाराज म्हणाले. "सगळ्यांच्या जिभा पाहिल्यात. एक राहिली."

"कुणाची?"

"तुमची. तिच्यावर काहीतरी अडकलंय. सकाळपासून बघतोय मी."

महाराजांच्या आवाजात टोमणा नव्हता. भिवराला विचारले होते, त्याच मायेने ते बोलले होते. विसाजीपंतांच्या हातातली काठी खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. ते वाकले, जरीच्या वहाणा काढल्या आणि आयुष्यात प्रथमच अनवाणी पानमळ्यात शिरले. भिवरापुढे येऊन उभे राहिले.

"भिवरे," ते म्हणाले, "तुझ्या बापाची नाडी दोन दिवस आधीच सुटत चालली होती. मला कळलं होतं. पान खाल्लं असतं तरी ते जाणार होते, नसतं खाल्लं तरी जाणार होते. पण माझ्याच्यानं काही होणार नाही, हे मला म्हणवेना. तीस वर्षं कधी म्हटलं नव्हतं. काहीतरी बंद केलं, की वैद्य काहीतरी करतोय असं दिसतं. म्हणून मी पान बंद केलं."



"आधी सांगितलं असतंत तर मी दिला असता," भिवरा म्हणाली.

"हो. आणि नंतर तू अशी बसलीस, तेव्हा तुला बघून मला माझंच खोटं दिसायचं. म्हणून मी तुला सोंगाडी म्हटलं."

भिवराच्या डोळ्यांत एकदम राग पेटला. महाराजांनी तो विझवायची घाई केली नाही. 'क्षमा कर' असा उपदेशही केला नाही. मग तिने हातातली अर्धी उतरवलेली वेल पंतांपुढे धरली.

"धरा," ती म्हणाली. "ओढू नका. दोन्ही हातांवर."

पंतांनी नाजूकपणे नाडी धरावी तशी ती वेल धरली आणि भिवराने तिचे वेटोळे करून मातीत निजवले.

मग पंत महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला गेले. महाराज दोन पावले मागे सरले. "माझ्या पाया कसलं पडता? ज्यांचा विडा बंद केला, त्यांच्या पडा."

पंत पाट ओलांडून खडकापाशी गेले. वैद्यच ते. आधी वाकून वास घेतला. कात, लवंग आणि स्पष्ट, अगदी ताजा ओवा. मग त्यांनी गुडघे टेकले आणि त्या खडकावर आपले कपाळ ठेवले. बराच वेळ ठेवले. उठले, वळले, तेव्हा त्यांच्या गोऱ्या कपाळाच्या मधोमध पिंकेचा हा एवढा लाल टिळा उमटला होता!

भिवराने ते पाहिले. आधी तिच्या ओठांचा कोपरा हलला. मग खांदे हलले. आणि मग ती हसली, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "आबांचा नेम," ती हसत हसत म्हणाली, "अजून चुकत नाही हो!" सारा मळा हसला. महाराज तर खाली बसूनच हसले. आणि विसाजीपंत, ज्यांच्यावर हसायची कोणाची छाती नव्हती, तेही हसले.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी उतरण पुरी झाली. महाराज पाडव्याला निघाले, तेव्हा भिवरा वेशीपर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "महाराज, आज सकाळी पुन्हा थोडं तसंच वाटलं."

"वाटेल," महाराज म्हणाले. "अधूनमधून वाटेल. काढा सोडू नकोस, पंतांचा हात चांगला आहे. पण तसं वाटलं की एकटी उंबऱ्यात बसू नकोस. खडकापाशी जा आणि त्यांच्याशी भांड. लेकीनं बापाशी भांडायचं नाही तर कुणाशी?"

वैशाखात त्या मळ्याला तळहाताएवढी पाने आली. दुपारी आळीत पुन्हा टुणटुण ऐकू येऊ लागले. पहिला विडा पांगाऱ्याखाली, दुसरा पारूमावशीला, कारण तेवढ्यात तिचेही दात पडले होते.

आणि विसाजीपंत? त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत त्यांनी कपाळ पुसले नाही. पुढे ते कोणत्याही रोग्याच्या घरी गेले की वहाणा अंगणात काढत. जिथे उपाय असे तिथे उपाय करत. जिथे नसे तिथे रोग्याचा हात हातात घेत आणि घरच्यांना बाजूला बोलावून सांगत, "आता माझ्याच्यानं काही होणार नाही. ते मागतील ते द्या. आणि आजच द्या." हे सांगण्याआधी ते दर वेळी मळ्याच्या दिशेला वळून, वाकून नमस्कार करत. त्या नमस्कारात महाराज होते, तुळाजीआबा होते, आणि भिवराही होती.

ज्यांच्या घरी असा एखादा उद्या दारात उभा आहे, त्यांनी आज त्याला आत घ्यावे. महाराजांची त्यांच्यावर कृपा आहेच.